कंट्रोलचे उंदीर

वरोऱ्याबाहेरच्या एका फार्मसी कॉलेजात लटारूभाऊ अकरा वर्षांपासून पांढऱ्या उंदरांचे पिंजरे धुतात. हुद्दा परिचराचा, पण ऐट अशी की उंदीर कॉलेजचे नसून यांच्याच खानदानातले आहेत असं पाहुण्याला वाटावं. आजारी उंदराला ते "जेवला का बाप्पा?" असं विचारतात आणि उत्तराची वाटही पाहतात.

गेल्या वर्षी रंजीता मॅडमचा प्रयोग सुरू झाला. मॅडम एटापल्लीकडच्या. विष टोचून उंदरांना कंपवातासारखा आजार आणायचा, त्यातल्या निम्म्यांना गांजाच्या झाडातलं, नशा न आणणारं एक द्रव्य रोज पाजायचं आणि त्यांच्या मेंदूच्या पेशी वाचतात का ते पाहायचं, असा बेत. पानठेल्यावर बातमी जरा वेगळी पोचली.

"काऊन भाऊ, उंदराइले गांजा पाजून राह्यले म्हंते?" पानठेलेवाल्या मंगरूने विचारलं. "चिलीम कोन धरते, तुमी का?"

सगळे हसले, लटारूभाऊ सोडून. त्यांची बायको ठमाबाई हिला तीन वर्षांपासून कंपवातच होता. चहा कपात कमी आणि लुगड्यावर जास्त. म्हणून या निकालाची वाट मॅडमपेक्षा तेच जास्त पाहत होते.

पहिल्या दिवशी मॅडमनी पिंजऱ्यांच्या दोन रांगा दाखवल्या. "लटारूभाऊ, ही रांग औषधाची. आन हे कंट्रोलचे. मिसळू द्यायचे नाई."

"समजलं," लटारूभाऊ म्हणाले. त्यांना न समजल्याचं कॉलेजात कोणीच कधी ऐकलेलं नाही.

सहा आठवड्यांनी तोल किती टिकतो ते पाहायला उंदरांना फिरत्या दांडीवर चढवलं. औषधाचे उंदीर टिकून राहिले, कंट्रोलचे पटापट पडले. मॅडम हरखल्या. लटारूभाऊ तर दांडीसारखेच फिरायचे बाकी होते.

"मंग मॅडम, ठमीले कवा आणू?"

"थांबा भाऊ, हे उंदीर होत. माणसाचं अजून लय लांब आहे."

"पण काम त केलं ना औषधानं! कंट्रोलवाले बिचारे पडले. म्या त रोज घरून भात आणत होतो त्याइच्यासाठी."

"कोणता भात?"

"कंट्रोलचा! तुमीच त सांगतलं."

मॅडमच्या भाषेत कंट्रोल म्हणजे औषध न देता तुलनेसाठी ठेवलेले उंदीर; आमच्याकडे कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. औषधाच्या रांगेला कॉलेजचा खुराक आणि दुसरीला रेशनचा भात, हे लटारूभाऊंना अगदी सरकारी शिस्तीचं वाटलं होतं. कंट्रोलचे उंदीर भात खाऊन ढोल झाले होते. बाकीचे औषधाने बारीक राहिले, अशी तोवर मॅडमची समजूत होती. मॅडम स्वतः कंट्रोलच्याच तांदळावर वाढलेल्या, त्यामुळे त्यांना धड रागावताही येईना. त्या आधी हसल्या, मग खुर्चीत बसल्या.

"आता मले कसं समजन भाऊ, ते औषधानं टिकले का हे तुमच्या भातानं पडले?"

लटारूभाऊंनी दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "भाताचं लिहू नका ना. निकाल त चांगला आला."

"आन तो निकाल वाचून कोणी ठमाबाईले तेच औषध देल्लं, आन ते खोटं निघालं त?"

लटारूभाऊंनी एका जाड्या उंदराच्या पिंजऱ्यातली भाताची शितं वेचून काढली.

"लिवा," ते म्हणाले. "आन नवीन उंदरं बोलवा. एकाच पोत्यातला खुराक देतो साऱ्याइले."

संध्याकाळी ठमाबाई दोन्ही हातांनी कप धरून ओट्यावर बसली होती.

"काय म्हंते वो तुमचे उंदरं? झाले बरे?"

"नाई. म्या भात चारून सारं बिघडवलं. पुन्हा पयल्यापासून कराव लागते."

ठमाबाईने कप ओट्यावर ठेवला. त्यातला अर्धा चहा आधीच खाली सांडला होता.

"घरी त कधी एका घासाचं विचारलं नाई," ती म्हणाली. "आन उंदराइले डबा?"

लटारूभाऊंनी उरलेला चहा बशीत ओतला, फुंकला आणि बशी तिच्या तोंडाजवळ धरली. थोडा त्यांच्याही हाताने सांडला.