आजऱ्याच्या जाळरेषेवर

“मार्चात जंगलात कोण जातं?” सासूबाईंनी विचारलं, आणि तिथंच आमचं जायचं पक्कं झालं. वणव्यावर नजर ठेवायला आजऱ्याजवळच्या डोंगरावर बांधलेला मनोरा मला पाहायचा होता. नणंद सुषमाला घराबाहेर पडायला कुठलंही कारण पुरतं.

कोल्हापूरहून कागल, गडहिंग्लज करत आजरा. पहाटे निघालात तर ऊन तापायच्या आत पोचता. गडहिंग्लजला पोटभर खाऊन घ्या, आजऱ्यापुढं टपरीसुद्धा नाही. वनखात्याची परवानगी आधीच काढा आणि पाणी भरपूर न्या. शेवटचा चढ पायीच आहे.

मनोरा लोखंडी. वारा आला की कण्हतो. वणव्याच्या हंगामापुरत्या पहाऱ्याला असलेल्या शांतक्कांनी आम्हाला वर नेलं. खाली डोंगर उभा चिरत एक रुंद काळी पट्टी गेली होती.

“ही जाळरेषा,” त्या म्हणाल्या. “हितलं गवत आमीच आधी जाळतोय. वणव्याला हितं खायला कायच घावाय नगो.”

वरच डबा उघडला. सुषमाची बडबड चालू होती. आणि एकाएकी रानातल्या किड्यांची किरकिर बंद झाली. हळूहळू नाही, एकदम. सुषमा वाक्य अर्धं टाकून कठड्याशी गेली. धूर अजून दिसत नव्हता. रानातून एक ससा आला आणि काळ्या पट्टीवर बसला. मागून दुसरा आला. मग घोरपड. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

शांतक्कांनी फोनवर माणसं बोलावली आणि आमच्याकडं वळल्या. “उतरा, पावणं! पट्टीवर पाला उडून आलाय. त्यो पेटला तर आग पल्याड जाईल!”

आम्ही तिघी डहाळ्यांनी पाला झाडू लागलो. ऊन तांबडं झालं. समोर गवत तडतडू लागलं, आणि धुरातून गवा बाहेर आला. माझा हात वरच राहिला.

“पळू नगासा,” शांतक्का पुटपुटल्या. “झाडत ऱ्हावा.”

गवा राखेत येऊन उभा राहिला. त्याचा श्वास ऐकू येत होता. आम्ही त्याच्या बाजूनं झाडत राहिलो. ज्वाळा काठापर्यंत आल्या, वळवळल्या आणि बसल्या. माणसं पोचली तेव्हा गवा पलीकडच्या हिरव्या रानात सावकाश निघून गेला होता.

परतताना कागलजवळ सुषमानं खिडकी उघडली. मग म्हणाली, “वैनी, त्यानं आपल्याकडं बघितलंसुदीक न्हाय की.”

घरी येऊन कपडे दोनदा धुतले, धुराचा वास गेला. मनोरा जरूर बघा. पण मार्चात नको, पावसाळ्यानंतर जा. आजवर जंगलात मला पाहून जनावरं पळालीच आहेत. त्या दुपारी एक पळालं नाही, कारण त्याच्या मागं माझ्याहून वाईट काहीतरी होतं. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. आणि का कोण जाणे, बरंही वाटतं.