भरलेली जागा

आमच्या नगरच्या कॉलेजातले लॅब अटेंडंट मामा पाथर्डीहून एसटीनं येतात. आल्याबरोबर आधी ब्लेड पुसतात, मग चष्मा. मनगटावर बांधून नाडी मोजणारी, रबरासारखी मऊ पट्टी आम्ही बनवतोय. तिला पापुद्रे आहेत. कापली तर थर थराला ओळखतो आणि ती आपोआप सांधली जाते. कापायचं काम मामांचं. कापून ते दोन्ही तुकडे एकमेकांना टेकवतात आणि कोणी मोठ्यानं हसलं तर म्हणतात, "हळू. जुळतंय ते."

तीच जागा किती वेळा जुळते ते बघायला पट्टी एकाच जागी पन्नास वेळा कापायची होती. एकदा शेजारी उभी राहिले तेव्हा कळलं, मामा दर वेळी नवी जागा धरत होते. विचारलं, तर म्हणाले, "ती जागा आत्ताच कुठं भरली हुती, मॅडम."

महिन्याचं काम वाया गेलं. मी ब्लेड घेतलं आणि जुना काप शोधू लागले. भिंगाखालीही दिसेना.

मामांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. "हितं हाय. हितं बी हाय," म्हणाले आणि व्हरांड्यात गेले. मी कापेपर्यंत आत आले नाहीत.