पंचाहत्तर ठोके

आता माझा गाढवपणा माझ्याच तोंडानं सांगायचा म्हणजे आधी चहा जरा कडक लागेल. टाका साखर, बसा असे. एका जित्या माणसाला मी भर सकाळी मारलं होतं! हसताय काय? अख्खा गाव साक्षीला आहे.

मी मूळचा धुळ्याचा, गणिताचा मास्तर. नव्वदच्या आसपास बदली झाली ती जळगाव-धुळे रस्त्यावरच्या एका लहानशा गावात. आमची मेथडिस्ट ख्रिस्ती मंडळी तिथं चाळीसेक घरांची. दगडी चर्च, मागे मनोरा, मनोऱ्यात ही एवढी घंटा. त्या वर्षी मंडळीला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. मास्तर म्हटल्यावर कार्यक्रमपत्रिका लिहायचं काम आपसूक माझ्या गळ्यात!

लिहिली. छान वळणदार अक्षरात. पाहुण्यांची नावं, गाणाऱ्यांची नावं, मांडववाल्याचंसुद्धा नाव. फक्त शमुवेलआबांचं राहिलं.

आबा कोण? अहो, या चर्चमधला पहिला बाप्तिस्मा आबांचा! चर्च आणि आबा एकाच वर्षाचे. भिंतींना चुना लावण्यापासून मेलेल्याची कबर खोदण्यापर्यंत मंडळीचं एकही काम असं नाही, ज्याला आबांचा हात लागला नाही. आणि मी त्यांनाच गाळलं! पत्रिका वाटून झाल्यावर ध्यानात आलं!

चर्चचे पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "मास्तर, वर्धापनदिनाचा दिवा आबांनीच लावायचा. ते नाही आले तर दिवा लागणार नाही. तुम्ही रुसवलंत, तुम्हीच आणा."

तीनदा गेलो. तिसऱ्या खेपेला आबांनी बाजेवर कूस बदलली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "आते मी मरसू तव्हयच येसू चर्चमा!"

बोला! मेल्यावरच चर्चमध्ये येणार म्हणे! आता काय करायचं माणसानं?

वर्धापनदिनाची सकाळ उजाडली. अंगणात चुली पेटलेल्या, भरताची वांगी भाजली जाताहेत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या जाताहेत. आबांची सून रूथवहिनी तिथंच राबत होती, पण सासऱ्याचं नाव काढलं की मान हलवायची. पाळकसाहेब यावल-पहूरकडची पाहुणेमंडळी आणायला स्टँडवर गेलेले. घंटा वाजवणारा माणूस फुलं आणायला जळगावला.

आणि माझ्या सुपीक डोक्यात कल्पना आली. पंचाहत्तर वर्षं ना? मग पंचाहत्तर ठोके द्यायचे! एकेका वर्षाचा एकेक. सावकाश, गंभीर. तो नाद आबांच्या कानावर गेला की त्यांचं मन पाघळलंच पाहिजे. आणि मोजण्यात माझा हात कोण धरणार?

मनोऱ्यात शिरलो, दोर धरला. एक... दोन... प्रत्येक ठोका पूर्ण विरू द्यायचा, मग पुढचा. चाळिसाला घाम फुटला, साठाला हाताला फोड आले. पण गडी थांबला नाही! पंचाहत्तर म्हणजे पंचाहत्तर. एक कमी नाही, एक जास्त नाही.

आता तुम्हाला ठाऊक नाही, तसं मलाही ठाऊक नव्हतं. मी आल्यापासून मंडळीत कुणी गेलंच नव्हतं, तर कळणार कुठून? रविवारची घंटा भराभर वाजते. सावकाश वाजते ती माणूस गेल्यावर. आणि त्याचं जेवढं वय, तेवढे ठोके!

म्हणजे मी तिकडे भक्तिभावानं दोर ओढतोय आणि इकडे गाव श्वास रोखून बोटांवर मोजतोय. तिशी ओलांडली, पोराबाळांच्या आयांनी सुस्कारा सोडला. साठी ओलांडली, सगळे म्हाताऱ्यांची नावं आठवायला लागले. पंचाहत्तरला घंटा थांबली. पंचाहत्तरचा गावात एकच!

मनोऱ्यातच बसून फोडांवर फुंकर घालत दम खाल्ला, मग ऐटीत बाहेर आलो. अंगणात चिटपाखरू नाही. चुली तशाच पेटलेल्या, भाकरी तव्यावर करपतेय. फाटकाबाहेर शेजारचा केळीवाला एकनाथभाऊ सायकल टाकून उभा, डोळे पुसत.

"काय झालं हो, भाऊ?"

"मास्तर... आबा गेले."

घंटेचा आणि याचा काही संबंध असेल, हे मनातसुद्धा आलं नाही. मला वाटलं, मीच मारलं त्यांना! नाव गाळलं, म्हाताऱ्यानं मनाला लावून घेतलं, आणि गेला! पळत सुटलो.

आबांच्या दारात ही गर्दी! आणि माणसं काय हो माणसं! तेवढ्यात कुणी फुलं आणलेली, कुणी सतरंज्या. बौद्धवाड्यातल्या बायांनी चहाचं पातेलं चुलीवर चढवलेलं. शवपेटीचं माप घ्यायला सुतार पट्टी घेऊन हजर. पाहुणे स्टँडवरून पिशव्यांसकट थेट इथंच. जो तो आबांनी कुणाच्या दुखण्यात रात्री जागवल्या, कुणाची विहीर खणली, तेच सांगत होता. मी आजवर एवढं प्रेम एका दारात पाहिलं नव्हतं.

मी तर उंबऱ्यावर डोकंच टेकलं. "आबा, माफ करा! तुमचं नाव मीच गाळलं हो, मीच पापी!"

एवढ्यात रूथवहिनी रडता रडता थांबली. "पण घराला बाहेरून कडी आहे. आबा कुठंयत?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात चुलीची आठवण होऊन चर्चकडे गेलेली एक बाई धापा टाकत परत आली. "आबा... चर्चमध्ये... पहिल्या बाकावर!"

गावच्या गाव उलटा पळाला.

आबा टोपी मांडीवर घेऊन एकटेच बसले होते. मान वळवून खेकसले, "कथा व्हतात तुम्ही बठ्ठा? कोन मरी गयं रे? मन्हा उमरना आखो कोन शे आठे?" आम्ही सगळे कुठं होतो आणि त्यांच्या वयाचं आणखी कोण इथं गेलं, हेच त्यांना कळेना.

झालं असं होतं की घंटा आबांनीही मोजली होती. कुणीतरी गेलं म्हटल्यावर रुसून घरी बसेल तो आबा कसला? काठी टेकत केळीच्या बागेतून आडवाटेनं निघाले आणि थेट चर्चमध्ये.

पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "घंटा कुणी वाजवली?"

मी फोड आलेले हात पाठीमागे लपवले. पण तोंडावर सगळं लिहिलेलं होतं. मग जो हशा उठला! आबा तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. "म्हंजे मी सोतालेच पोचाडाले उनू! आते उनूच शे त् दिवा लायी टाकू." स्वतःलाच पोचवायला आले होते म्हणे, आता आलेच आहेत तर दिवाही लावणार!

दिवा लागला. भरीत जरा धुरकट झालं होतं, पण आबांनी दोनदा मागून घेतलं. जेवताना सगळ्यांना बजावलं, "मी मरसू तव्हय घंटा मास्तरच वाजाडी. त्याले मोजता येस."

सात वर्षांनी आबा खरंच गेले. झोपेत, शांत. दोर माझ्या हातात दिला. मी डोळे मिटून मोजायला लागलो, पण मधेच ते हसणारे आबा आठवले आणि पुढचं काही उमजेना.

खाली आलो तर मनोऱ्याच्या दारात रूथवहिनी. रडून डोळे लाल, पण ओठ दाबून हसू आवरत होती.

"मास्तर, आबा ब्याऐंशीचे होते. तुम्ही शहाऐंशी ठोके दिलेत." आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "शाळेत गणितच शिकवता ना हो तुम्ही?"