तेलाचं इंजेक्शन

मी रोज दोन वेळा पोटात सुई टोचून घेते. डायबिटीस आहे. तव्यावर पहिली पोळी टाकायच्या आत माझं इन्सुलिन घेऊन झालेलं असतं. याला कोणी धाडस म्हणत नाही आणि म्हणूही नये. माझा नातू मात्र सुई पाहिली की पांढरा पडायचा. अंगाने आडवा, मिशी फुटलेली, मोटरसायकल अशी चालवतो की गल्लीतली कुत्री आधीच बाजूला होतात. आणि मी सुई हातात घेतली की, "आजी, जरा थांब ना व."

हा जन्मला तेव्हा मुलगी झाली म्हणून घरच्यांनी जिलबी वाटली होती. पुढे मोठा झाल्यावर त्याने सांगितलं की मी मुलगी नाही, मुलगा आहे. ती जिलबी मी भरपूर खाल्ली होती, तेव्हा माझी काही तक्रार नाही. त्याचे आईबाप हिवरखेडला शेती करतात. आईला आधीच कळलेलं होतं, बापाला पटायला वेळ लागला. ते त्यांचं त्यांनी लिहावं. मी इंजेक्शनाचं लिहिते.

शिकायला म्हणून तो अकोल्याला माझ्याकडे राहायला आला. अमरावतीच्या एका डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या आणि हे औषध लिहून दिलं. पुरुषाच्या अंगात जे असतं ते याच्या अंगात सुईने घालायचं. दर तीन आठवड्यांनी. आमच्या घरात त्याला नाव पडलं तेलाचं इंजेक्शन, कारण ते खरोखर तेलच असतं, पिवळसर आणि चिकट.

सुरुवातीला गल्लीतल्या दवाखान्यातला कंपाउंडर टोचून द्यायचा. त्याचा हात चांगला होता, तोंड चांगलं नव्हतं. पहिल्या वेळी म्हणाला, "कायचं हाये बापू हे? जिमचं काय?" दुसऱ्या वेळी त्याने डॉक्टरांची चिठ्ठी बाकावरच्या पेशंटांना ऐकू जाईल अशी वाचली. तिसऱ्या वेळी नातू गेलाच नाही. तारीख टळली तसा तो घरात पाय आपटत फिरायला लागला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, मनाने चुकवायचं नाही.

मी म्हटलं, "आण इकडे. मी टोचते."

"तुले येते का?"

"मंग रोज काय करते मी? भाजीले फोडणी देते का पोटात?"

तेवढ्यावर टोचलं नाही, हे बरं झालं. आधी दोघं अमरावतीला गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दाखवा बरं कसं करता. मी इन्सुलिनची बारीक सुई उचलली आणि नातवाच्या मांडीची चिमटी धरली, पोटाची धरते तशी. बाई खुर्चीतून उठल्याच.

"आजी, आजी! हे इन्सुलिन नाही."

मग त्यांनी शिकवलं. इन्सुलिन पाण्यासारखं असतं आणि ते कातडीखाली जातं. हे तेल मांसात जायला हवं. म्हणून काचेच्या कुपीतून ते जाड सुईने ओढायचं, मग ती सुई काढून दुसरी, त्याहून बारीक पण लांब सुई लावायची. कुपीची मान स्पिरिटने पुसायची, कापसात धरायची आणि स्वतःच्या उलट बाजूला मोडायची. सिरिंजमधली हवा वर आणून काढून टाकायची. मांडीच्या बाहेरच्या अंगाला, मधोमध, सरळ टोचायचं आणि हळूहळू ढकलायचं. तेल आहे, घाई केली तर दुखतं. वापरलेली सुई जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात. आणि सगळ्यात आधी हात साबणाने धुवून स्वच्छ कपड्याला पुसायचे. "पदराला नाही," असं त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी पदर सोडून दिला.

पहिलं इंजेक्शन मी त्यांच्यासमोर दिलं. नातवाने डोळे मिटून भिंतीकडे तोंड केलं होतं. झाल्यावर म्हणतो, "दिलं का?" म्हणजे हात वाईट नव्हता माझा.

त्यानंतर आमचं बरं चाललं. आवाज फुटला, त्या दिवसांत फोनवर लोक त्याला मी समजायचे आणि मला तो. शेजारची खाला, जी ब्लाऊज शिवते आणि दुपारी चहाला येते, ती एकदा त्याची हनुवटी धरून म्हणाली, "मेरी लड़की के लड़के से तो तेरी दाढ़ी अच्छी आ रही, बेटा. वो बिचारा तेल लगा लगा के थक गया." नातू लाजला. मी म्हटलं, यानेही तेलच लावलं, फक्त आतून.

मग मे महिना आला. अकोल्यात मेमध्ये कोणी काही बाहेर ठेवत नाही. दिवाळीची उरलेली मेणबत्ती कपाटातल्या कपाटात वाकते. मी ती कुपी फ्रीजच्या दारात ठेवली, माझ्या इन्सुलिनच्या शेजारी. औषध आहे, थंड राहिलं तर टिकेल, असा साधा हिशोब. अकोल्यातल्या कोणत्याही बाईने हेच केलं असतं.

इंजेक्शनाच्या दिवशी काढली तर आत खडीसाखरेसारखे दाणे.

"आजी, हे तं खराब झालं," नातू म्हणाला आणि खाटेवर बसला. मेडिकलवाल्याने सांगितलं, मागवावी लागेल, कधी येईल सांगता येत नाही. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या हसल्या. म्हणाल्या, तेल थंडीने गोठतं. मुठीत धरून ठेवा. सगळं स्वच्छ झालं तर मला फोटो पाठवा, एक दाणा जरी राहिला तरी टाकून द्या.

मग आम्ही दोघं आळीपाळीने कुपी मुठीत धरून बसलो. बाहेर डांबर पातळ झालेलं, घरात कूलर घरघरतोय, आणि आम्ही औषध तापवतोय. खाला आली.

"क्या पकड़ के बैठे दोनों?"

"औषध गरम करून राह्यलो."

"अकोले में? मई में?" तिने कपाळावर हात मारला. "आँगन में रख दे, उबल जाएगा."

अंगणात ठेवलं नाही. मुठीतच दाणे विरघळले, फोटो गेला, बाईंनी हो म्हटलं. तेव्हापासून कुपी एका वेळी एकच आणायची आणि मधल्या अंधाऱ्या खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवायची, असं ठरलं. फ्रीजच्या दारात पुन्हा लिंबं आली.

हिवाळ्यात त्याला नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात नोकरी लागली. अमरावतीत खोली घेतली. पेढे आणले, मी एकच खाल्ला. मग म्हणाला, "इंजेक्शनाले मी येत जाईन ना अकोल्याले."

"अन् शिफ्ट असली तं?"

"मंग तू ये."

मी त्याला माझा डावा डोळा दाखवला. मोतीबिंदू पिकत आला आहे. कुपीवरची बारीक अक्षरं मला आधीच दिसत नव्हती, आता सिरिंजवरच्या रेघाही दोन दोन दिसायला लागल्या होत्या. डोळ्याचं ऑपरेशन होईल तेव्हा होईल, पण मी काही जन्मभर याच्या मांडीशी बसणार नव्हते. अनोळखी कंपाउंडरकडे तो जाणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणजे स्वतः टोचायला शिकला नाही तर तारखा टळणार, आणि इतक्या खटपटीने जे मिळालं ते हातचं जाणार. तेवढं त्यालाही कळत होतं.

मी बाजारातून संत्री आणली. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं की सराव संत्र्यावर करतात. आमच्याकडे हिवाळ्यात संत्र्यांना काय तोटा? नव्या सुया आणि पाणी घेऊन तो तीन दिवस संत्र्यांना टोचत बसला. संत्र्याला टोचताना त्याचा हात अजिबात हलत नव्हता. तिसऱ्या दिवशी मी उठून अडवायच्या आत खालाने टोपलीतलं एक सोलून तोंडात टाकलं.

"अम्मा, ये कहाँ से लाई? रस कम, पानी ज्यादा."

नातू असा हसला की त्याला ठसका लागला. मी तिला खरं सांगितलं. तिने उरलेल्या फोडी बकरीला दिल्या आणि आठवडाभर आमच्याकडचं काही खाल्लं नाही.

तारखेला मी एसटीने अमरावतीला गेले. माझ्या वयाला तिकीट लागत नाही. खोलीत एक खाट, एक गॅस, आणि खिडकीत वाळत घातलेले मोजे. त्याने हात धुतले. थंडीने तेल घट्ट होतं म्हणून कुपी न सांगता मुठीत धरली. मान मोडली, जाड सुईने ओढलं, सुई बदलली, हवा काढली. सगळं बरोबर. मांडी पुसली, स्पिरिट वाळू दिलं. आणि सुई वर धरून थांबला.

"आजी, तूच मार ना व."

"मले दिसत नाई."

"अंदाजानं मार."

"अंदाजानं भिंतीत मारीन. भेऊन कायले राह्यला? संत्रं ओरडलं होतं का?"

"संत्र्याले काय जाते? संत्र्याचं दुखत नाई."

मी पिशवीतून माझं इन्सुलिन काढलं. तसंही जेवणाची वेळ झाली होती. त्याच्याकडे पाठ करून बसले आणि पोटाची चिमटी धरली. "मी माझं घेऊन राह्यले. तू तुझं घे. ज्याचं मागं राहीन तो भांडे घासीन."

माझं झालं. मी वळले नाही. खिडकीतले मोजे पाहत राहिले. एका मोज्याला भोक होतं. मग मागून एक लांब श्वास आला, आणि जरा वेळाने, "झालं."

"कापूस दाब."

"दाबला."

भांडी त्यानेच घासली, कारण हरला तोच होता.

पुढच्या तारखेला मी अकोल्यातच होते. सकाळपासून फोन जवळ घेऊन बसले, अगदी मोरीत जातानासुद्धा. दुपारी वाजला.

"आजी, पिठल्यात बेसन आधी टाकतेत का पाणी?"

"पाणी. इंजेक्शनाचं काय झालं?"

"ते का? सकाळीच घेतलं. मीठ केव्हा टाकू, ते सांग."

सांगितलं. त्याच्या मागे काहीतरी उतू गेल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.