व्यावसायिक शिक्षा

"तुझे वडील हेच करतात ना? मग तुला सवय असेल."

मॅडम हे मराठीत म्हणाल्या. हळू आवाजात, गोड. नाकाला पदर लावून त्या मुलींच्या संडासाच्या दारात उभ्या होत्या, उंबऱ्याच्या बाहेर. आत आम्ही पाच जणी. मधला संडास तुंबला होता आणि पाणी वर येऊन आमच्या पायांपर्यंत पोचलं होतं. माझ्या हातात बांबूची लांब कामटी होती, एकीच्या हातात बादली, एकीच्या हातात ॲसिडची बाटली. हातमोजे नव्हते. बूट बाहेर काढायला सांगितले होते, खराब होतील म्हणून. पाय खराब झालेले चालत होते.

बाकी चौघींना मॅडमनी हिंदीत सांगितलं होतं, "चलो, प्लंबिंगवाली लड़कियाँ. ये है तुम्हारा प्रैक्टिकल." मला तेवढं वेगळं, मराठीत. इतरांना कळू नये म्हणून असेल, किंवा मला नीट कळावं म्हणून असेल. मी नववीत होते. चौदा वर्षांची. मी म्हणाले, "हो, मॅडम." आणि कामटी आत घातली.

त्या 'हो'चा राग मला अजून येतो. मॅडमच्या बोलण्यापेक्षा जास्त येतो.

शाळा सरकारी, पण नावाजलेली. कॉलनीतली मुलं यायची आणि भोपाळच्या गोविंदपुऱ्यामागच्या बस्तीतली आम्हीही यायचो. नववीत प्रत्येकाला एक ट्रेड घ्यावा लागायचा, म्हणजे पुढे नोकरीला उपयोगी पडेल असं एखादं काम शिकायचं. आमच्याकडे दोनच ट्रेड होते, आयटी आणि प्लंबिंग. फॉर्मवर छापलं होतं, 'विद्यार्थी की रुचि'. त्यापुढचा रकाना मॅडमनी स्वतः भरला. ट्रेडचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. शेजारी प्रवेशाचं रजिस्टर उघडं ठेवलं होतं. त्यात बापाचं काम बघायच्या आणि रुची लिहायच्या. बाबू, आयटी. दुकानदार, आयटी. ड्रायव्हर आला की जरा थांबायच्या, आडनाव बघायच्या. मजूर, प्लंबिंग. सफाई, प्लंबिंग. एवढ्या वेगात इतक्या मुलांची आवड ओळखणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

माझी पाळी आली. माझं हिंदी ऐकून मॅडमनी मान वर केली. "अगं, तू मराठी का? मग आधी सांगायचंस ना!" चेहरा एकदम खुलला. भोपाळात मराठी माणूस भेटला की असंच होतं, दोन मिनिटांत घरचं नातं लागतं. मॅडम ग्वाल्हेरच्या. "आडनाव काय तुझं?" मी सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या. चेहरा परत मिटला. मराठी असणं आडनावापर्यंतच चालतं, हे मला त्या दिवशी कळलं. मॅडमनी पेन उचललं आणि प्लंबिंग लिहिलं.

गणितात मी वर्गात दुसरी होते. मला कॉम्प्युटर शिकायचा होता. मी म्हणाले, "मॅडम, मला आयटी हवं होतं." त्या म्हणाल्या, "अगं, तुमच्यात हाताला काम मिळणं महत्त्वाचं. ते मिळतंय ना?" आणि पुढचा फॉर्म ओढला.

घरी चिठ्ठी आली. 'आपकी पुत्री को व्यावसायिक शिक्षा के अंतर्गत प्लंबिंग ट्रेड आवंटित किया गया है.' आई वर्ध्याकडची. लग्न होऊन भोपाळला येऊन इतकी वर्षं झाली, तरी वाचताना तिच्या डोक्यात मराठीच चालतं. चिठ्ठी वाचून ती घाबरली. "कोन्ती शिक्षा झाली तुले? काय केलं तू?" बाबा पोट धरून हसले. "अवं, हिंदीत शिक्षा म्हन्जे शिक्षण!" आम्ही तिघंही हसलो. आईचंच बरोबर होतं हे कळायला मला दोन महिने लागले.

बाबा अयोध्या नगरच्या कॉलन्यांमध्ये ठेक्यावर गटारं आणि चेंबर साफ करतात. छप्पन साली राजधानी हलली आणि नागपूरच्या सरकारी कचेऱ्या भोपाळला आल्या, तेव्हा माझे पणजोबा त्यांच्याबरोबर आले. साहेब फायली घेऊन आले, पणजोबा झाडू घेऊन आले. साहेबांच्या पोरांना बढत्या मिळाल्या, बंगले झाले. आमच्याकडे तोच झाडू राहिला, फक्त कायमचा होता तो ठेक्याचा झाला. पण प्लंबिंग ऐकून बाबा खूश झाले. "हे चांगल्या पान्याचं काम आहे बेटा," म्हणाले. "मी घाण पान्यात गेलो. तू चांगल्या पान्यात जाशील." बस्तीत सगळ्यांना सांगत फिरले, पोरगी नळाचं काम शिकते म्हणून.

म्हणून मी घरी सांगितलं नाही. दीड वर्ष सांगितलं नाही. शाळा सुटली की मैदानातल्या नळावर हातपाय घासायचे आणि मग घरी जायचे. आई म्हणायची, हाताला वास कशाचा? मी म्हणायचे, सायन्सच्या तासाला ॲसिड होतं. ॲसिड होतं हे तरी खरं होतं.

आम्हाला शिकवायला एक तरुण सर होते. विदिशाचे. तेही ठेक्यावर, आणि दर वर्षी त्यांची मुदत मॅडमच्या सहीने वाढायची. सरांच्या हातात काम होतं, पण हत्यारं कपाटात होती. नवी कोरी. पाइप पाना, कटर, आटे पाडायची डाय, रबरी हातमोजे, पिवळी हेल्मेटं. कपाटाला कुलूप आणि किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. सरांनी मागितली की उत्तर ठरलेलं, "बच्चे सामान खराब कर देंगे." दीड वर्षात कपाट एकदा उघडलं, वर फोटो पाठवायचे होते तेव्हा. मला पाइप पाना धरायला दिला. जड होता. हातात घेतला आणि वाटलं, आता हा सोडूच नये. फोटो निघाला. "चलो, वापस रखो." पान्याला प्लास्टिकची पिशवी परत चढवली आणि आम्ही कामटी घेऊन संडासाकडे गेलो.

तरी सर शिकवायचे. घरून एक पारदर्शक नळी आणायचे, गवंडी वापरतात तशी. तिच्यात पाणी भरायचं आणि दोन टोकं दोन ठिकाणी धरायची. मधे भिंत असो, काही असो, दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर येतं. त्यावरून ढाळ मोजायचा. घाण पुढे वाहायची तर पाइप उतरता हवा, इतकं साधं. मला ते इतकं आवडलं की रात्री झोपताना मी डोक्यात घराघरांचे पाइप मोजायचे.

एक दिवस सरांची नळी घेऊन मी आमचा मधला संडास मोजला. पाइप भिंतीतून बाहेर येतो तिथे एक टोक धरलं, चेंबरला लागतो तिथे दुसरं. नळीतल्या पाण्याच्या हिशेबाने पाइपाचं चेंबरकडचं टोक दोन बोटं वर होतं. म्हणजे पाइप उतरत नव्हता, चढत होता. आम्ही जन्मभर कामटी घातली असती तरी तो तुंबणारच होता. मी वहीत आकृती काढली, मापं लिहिली. सर म्हणाले, "बिल्कुल सही नापा है." आम्ही दोघं वही घेऊन मॅडमकडे गेलो.

मॅडमनी वही उघडली नाही. मला म्हणाल्या, "सांगितलंय तेवढं कर. इंजिनिअर व्हायला निघालीस का?" सर जमिनीकडे बघत उभे राहिले. त्यांची अडचण मला समजते. तरी त्या दिवशी त्यांनी एक वाक्य बोलायला हवं होतं.

दहावीत, दिवाळीनंतर, तपासणी आली. मोठे साहेब ट्रेड बघायला येणार होते आणि आमच्या पालकांनाही बोलावलं होतं. हॉलमध्ये टेबलं मांडली. कपाट उघडलं. हत्यारांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. पिवळं हेल्मेट घालून टेबलामागे उभी होती एका ठेकेदाराची मुलगी. ती आयटीची. पण इंग्रजी फाडफाड बोलायची, म्हणून तिच्याकडून दोन दिवस घोकून घेतलं होतं, 'धिस इज अ पाइप रेंच.' मी मॅडमना विचारलं, "आमच्यातलं कोणी का नाही?" त्या म्हणाल्या, "तुमच्यातल्यांना चार माणसांत बोलता येतं का? तुम्ही पाहुणे यायच्या आत मधला संडास मोकळा करा."

आणि त्या दिवशी बाबा येणार होते. खाडा करून, इस्त्रीचा शर्ट घालून. चांगल्या पाण्याचं काम बघायला.

मी संडासात होते. खिडकीबाहेर पालक येत होते. बाबांचा आवाज ऐकू आला. फाटकावरच्या चौकीदाराला सांगत होते, "मेरी बेटी प्लंबिंग में है." चौकीदाराने विचारलं नव्हतं. बाबाच सांगत होते.

मला रडू आलं नाही. राग आला. मी बाकी चौघींना म्हणाले, "बस. अब नहीं." आणि कामटी घेऊन निघाले. तशीच ओली, तशीच अनवाणी. हॉलमध्ये गेले आणि ती कामटी टेबलावर पाइप पान्याशेजारी ठेवली. ठेकेदाराची मुलगी मागे सरकली.

साहेबांनी विचारलं, "ये क्या है, बेटा?"

मी म्हणाले, "सर, ये हमारा औजार है. प्लंबिंग में हम हैं. वो पाना हमने एक बार पकड़ा है, फोटो के लिए."

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. मॅडमकडे बघितलं आणि हसले. "बच्ची तेज है," म्हणाले आणि कॉम्प्युटरच्या टेबलाकडे वळले. संपलं. मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल, कोणीतरी ओरडेल, निदान विचारेल. समोसे ठरल्या वेळी आले.

बाबांनी मात्र कामटी बघितली. रोज हातात असलेली वस्तू माणूस लांबूनही ओळखतो. ते खुर्चीवरून उठले. मला वाटलं, माझ्याकडे येतायत. ते मॅडमकडे गेले आणि हात जोडले. "लहान आहे, मॅडम. माफ करा. दहावीचं वरीस आहे."

मॅडम मराठीत म्हणाल्या, "समजावा तिला. आम्ही तिच्या भल्यासाठीच करतो." बाबा आणखी वाकले.

"बाबा, हात खाली करा!"

मी किंचाळले. माझा असा आवाज मी स्वतः कधी ऐकला नव्हता. "माफी यांनी मागायची. तुम्ही नाही." हॉलमधल्या बऱ्याच जणांना शब्द कळले नसतील. मॅडमना कळले, कारण त्यांचा चेहरा उतरला. बाबांचे हात मात्र बराच वेळ तसेच जोडलेले राहिले. मग हळूहळू खाली आले.

घरी जाताना बाबांनी एकच विचारलं. "दीड वरीस?"

"हो."

"मले काऊन नाही सांगितलं?"

त्यानंतर कित्येक दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. बस्तीत माझ्या शिक्षणाबद्दल तर कधीच बोलले नाहीत. एवढी एकच गोष्ट होती त्यांच्याकडे मिरवायला, आणि ती खोटी निघाली.

ट्रेडच्या प्रॅक्टिकलचे गुण शाळेच्या हातात होते. मला काठावर पास केलं. सरांची मुदत वाढली नाही. मी पुढे आयटीआयला गेले आणि तिथे स्वतःच्या हाताने फॉर्मवर लिहिलं, प्लंबिंग. आता एकोणीस वर्षांची आहे. अवधपुरीच्या नव्या इमारतींमध्ये पाइप टाकते, आणि ते चांगले उतरते असतात. लोक म्हणतात, "वा, म्हणजे शाळेतलं ट्रेनिंग कामी आलं!" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. काम चांगलंच होतं. आहेच. शाळेने कामाच्या नावाखाली आमची जात आमच्याकडून गिरवून घेतली, आणि प्रमाणपत्रावर लिहिलं कौशल्य.

मागच्या आठवड्यात गल्लीतली एक मुलगी भेटली. नववीत आहे, त्याच शाळेत. मला बघून तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "कुछ नहीं दीदी, प्रैक्टिकल था. घर पे मत बताना."

मी त्याच संध्याकाळी तिच्या घरी सांगितलं. तिची आई रडली. बाप माझ्यावरच चिडला, पोरीचं साल वाया घालवशील म्हणाला. मग मी दुसऱ्या घरी गेले, तिसऱ्या घरी गेले. प्लंबिंगच्या सात मुली आहेत आमच्या बस्तीत. मी सातही घरी जाऊन आले. दोन घरांनी दार लावून घेतलं. पाच मुली तयार आहेत, पहिल्या घरचीसुद्धा.

सोमवारी मी त्यांना घेऊन शाळेत जाणार आहे. त्या वर्गात बसतील आणि संडासाकडे एकही जाणार नाही. कपाटाची किल्ली मागू. गुण कापले तर कापू देत. वर्गाबाहेर काढलं तर युनिफॉर्म घालून फाटकाशी बसतील, रोज, शाळा सुटेपर्यंत, आणि मी कामावर खाडा करून त्यांच्यासोबत बसेन. कोणाच्याही बापाने सोबत यायचं नाही, असं मी पाचही घरी बजावून आले आहे. आमचे बाप आले की हात जोडतात. या वेळी जोडायला कोणी नसेल.