बापूंच्या गाडीची मागची स्प्रिंग

दारात गाडी उभी राहिली की बापू सुर्वे आधी तिच्या मागे जात. दोन्ही तळवे डिकीवर टेकवून ती जोरात खाली दाबत आणि एकदम सोडून देत. गाडी कशी वर येते, किती वेळ डुलते, ते मान तिरकी करून बघत आणि मगच आतल्या माणसाला म्हणत, "आलेत का? या." माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडीही अशीच दाबली. नवरदेव मुंडावळ्यांसकट हलला. "मागून फार मऊ आहे हो," बापूंनी गंभीरपणे मला बजावलं. मुलाबद्दलच काही कळलंय की काय, म्हणून मी त्यांना बाजूला ओढून नेलं होतं.

बापू रत्नागिरीत माझे शेजारी. बोटीच्या इंजिनखोलीत आयुष्य काढून ऐंशी सालाच्या सुमारास ते घरी परतले आणि घरापुढच्या खळ्यात गाडी बांधायला लागले. दोन माणसांची, बुटकी, उघडी स्पोर्ट्स कार. सांगाडा स्वतः वेल्ड केलेला, इंजिन भंगारातल्या मोटारीचं, पत्रा हाताने ठोकलेला. "हिच्यासाठी बांधतोय," असं ते मालतीवहिनींकडे बोट दाखवून सांगत. वहिनींचं माहेर मालगुंडला. कंबरेचं दुखणं मागे लागल्यापासून त्यांना एसटीचे धक्के सोसत नव्हते आणि तिकडे थकलेल्या आईला प्रवास झेपत नव्हता. मायलेकींची भेट कित्येक वर्षं झाली नव्हती. आता कंबर दुखणाऱ्या बाईसाठी कुणी जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार बांधतं का? हौस बापूंची आणि नाव वहिनींचं, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. वहिनींना तर चांगलंच. पण बापूंचा विश्वास दांडगा. "आंबा उतरायच्या आत तुला आईच्या दारात नेतो. कंबरेला पत्ता लागणार नाही, समजलीस?"

सगळं घोडं मागच्या स्प्रिंगपाशी अडलं होतं. बापूंनी कोल्हापूरहून तीन जोड्या वळवून आणल्या होत्या: मऊ, मधली आणि कडक. "सगळ्यात मऊ ती लावा की," मी म्हटलं. बापूंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"मऊ म्हणजे सुख नव्हे हो. गाडी हलकी. मऊ लावली तर दोघं बसल्यावर बूड टेकेल, वळणावर होडीसारखी लोळेल. आणि असं बघा, पुढचं चाक खड्ड्यातून आधी निघतं, मागचं नंतर. मागून येणाऱ्याने पाय उचलून पुढच्याला गाठायला हवं, तरच डुलणं लगेच थांबतं. म्हणून मागची थोडी ताठ हवी. थोडी म्हणजे किती, तेच तर शोधायचंय."

ते शोधायला त्यांनी जांभ्याचे चिरे घेतले. कुंपणासाठी आणलेले चिरे परसात रचलेले होते. उन्हाळ्यात त्यांनी ते भाताच्या गिरणीतल्या काट्यावर तोलून आणले होते आणि प्रत्येकावर रंगाने वजन लिहिलं होतं. श्रावणात ते दोघांच्या वजनाइतके होईपर्यंत एकेक चिरा आणून सीटवर ठेवायचे आणि वहिनींच्या शिवणाच्या टेपने मागची बाजू किती खचली ते मोजायचे. माझं वजन भरभक्कम, मीच बसतो म्हटलं, तर हात जोडून म्हणाले, "नको. माणसाचा भरवसा नाही. तुम्ही गणपतीआधी एक भराल, नंतर दुसरे. चिऱ्याला मोदक लागत नाहीत." मधली जोडी चिऱ्यांखाली फारच दबली. बापूंनी ती बाजूला ठेवली आणि कडक बसवली.

दिवाळीनंतर दोघं गाडीतून जवळच्या भाट्यापर्यंत जाऊन आली. बापूंनी हात दिला तेव्हा कुठे वहिनींना गाडीतून उतरता आलं. चेहरा पांढराफटक पडला होता. "तुमची गाडी तुम्हाला लखलाभ," एवढंच म्हणून त्यांनी अंथरूण धरलं. बापूंच्या घरातलं ठोकणं बंद पडलं. मला ती शांतता अजिबात आवडली नाही.

एका सकाळी मी कुंपणाशी उभा असताना, गाडीच्या चाकाला अडण लावायला म्हणून बापूंनी ढिगातला एक चिरा उचलला. उचलला आणि तसेच उभे राहिले. खाली ठेवला, पुन्हा उचलला. "अहो, हा श्रावणातल्यापेक्षा हलका लागतोय!" ते ओरडले. "पाणी प्यायले होते मेले! तोलले कोरडे आणि सीटवर ठेवले भिजलेले!" पावसाळाभर भिंतीच्या चिऱ्यांना ओल येते हे जन्मभर पाहिलेला माणूस, पण भर पावसात परसातून चिरे आणताना ते त्याच्या डोक्यातच आलं नाही. लिहिलेल्या वजनापेक्षा चिरे जड झाले होते आणि बिचारी मधली जोडी फुकट बदनाम झाली होती. दुसरा कुणी खजील झाला असता. बापू मात्र आनंदाने धावत आत गेले. "अगो, चुकलो मी! चुकलो! आता जमतंय बघ!" वहिनींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मग कोरडे चिरे गिरणीत पुन्हा तोलून आणले आणि मधली जोडी बसली. वहिनी मात्र गाडीत बसायला तयार नव्हत्या. शेवटी माघात मालगुंडहून निरोप आला की आईने अंथरूण धरलंय, लेकीचं नाव घेतेय. निरोप ऐकून वहिनी स्वतःच गाडीत जाऊन बसल्या. बापूंनी या वेळी डिकीही दाबून पाहिली नाही, सरळ चावी फिरवली. वाटेत काही झालं तर असावं, म्हणून दोर घेऊन मी स्कूटरवर मागे निघालो.

निवळी गेलं, चाफे गेलं. त्या रस्त्याने माझे सगळे सांधे मोकळे केले. पुढे गाडीची मागची बाजू खड्ड्यात उतरे, वर येई आणि लगेच शांत होई. वहिनींचा अंबाडा मात्र हळूहळू एका बाजूला कलत होता. माझा जीव खालीवर व्हायला लागला. वेदनेने शुद्ध गेली की काय?

मालगुंडच्या अंगणात गाडी थांबली. मी धापा टाकत पोचलो, तेवढ्यात अंथरुणातून उठून भिंतीला धरत धरत म्हातारी दारात आली. "काय झालं हो माझ्या मालूला?"

बापूंनी ओठांवर बोट ठेवलं. वहिनींचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं आणि त्या मंद घोरत होत्या.

"काही नाही, आई," बापू कुजबुजले. "झोप लागलीय तिला."

बापू जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की मला ते तसेच दिसतात: डोळे भरलेले, मान ताठ, खांदा जराही न हलवता बसलेले.