केतकीची उष्टी हळद

रजनीबाईंनी जामबागच्या शाळेत हयातभर जीवशास्त्र शिकवलं. बेडूक फाडले, झुरळं हाताळली, कधी नाक मुरडलं नाही. त्यांना किळस यायची ती थापांची.

बरकतपुऱ्यात, भाची केतकीच्या हळदीला, तीच किळस उफाळून आली. नवऱ्यामुलाचा थोरला भाऊ कौस्तुभ उष्टी हळद घेऊन आला होता. नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीला लावायची, ही रीत. पण या वाटीत काहीतरी चमचमत होतं.

"आमच्या कंपनीचा माल आहे, मावशी. सोन्याचे नॅनो कण घातलेत. साधी हळद वरच्यावरच राहते की नै? ही एकदम सीधी रक्तात!"

कातडी म्हणजे शरीराचा पहारा, हे रजनीबाईंनी वर्गातल्या मुलांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. आणि हा मेला पहारा चुकवल्याची फुशारकी मारत होता! धडधाकट कातडी असले कण बहुतेक बाहेरच थोपवते. पण केतकीला लहानपणापासून इसब. त्यात कालच पार्लरवालीने तिचे हात घासघासून लालबुंद केलेले. खरचटलेल्या कातडीतून काय आत जाईल आणि कुठे जाऊन बसेल, हे छातीठोकपणे कोण सांगणार? हा माल खपवणारा?

"ही लावायची नाही," त्या म्हणाल्या.

केतकीची आई शिल्पा त्यांच्या कानाशी लागली. "ताई, उष्टी हळद कुणी परत करतं का? सासरी पोरीला जन्मभर ऐकवतील." पाटावर बसलेल्या केतकीला हात पुढे करावेत की मागे घ्यावेत, कळेना.

रजनीबाईंनी कौस्तुभला विचारलं, "तुझ्या भावाला कशी मानवली?"

"त्याला नै लावली, मावशी. सकाळीच दाढी केलेली ना, आग झाली असती. त्याला साधीच लावली. ही खास केतकीसाठी अलग काढली."

रजनीबाईंना शिसारी आली. जे भावाच्या गालाला नको, ते या पोरीच्या सोललेल्या हातांना! त्या बोलायला तोंड उघडणार, तोच शिल्पा म्हणाली, "म्हणजे ही उष्टीसुद्धा नाही."

तिने वाटी कौस्तुभच्या हातात परत दिली. स्वयंपाकघरात जाऊन मिसळणाच्या डब्यातली हळद भिजवून आणली.

"ही आधी जावयांना लावा. उरलेली घेऊन या. तोवर माझी पोर पाटावर थांबेल."